पाट, बाण आणि दारातल्या चपला

आमच्या खेळाचं पहिलं परीक्षण आलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून मोबाइल बघत उभी होते. दूध उतू गेलं. आईने आतून विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही, दहातले पाच." तिला वाटलं, जेवायला बोलावलेल्या दहा जणांतले पाचच येणार आहेत. "मंग कणीक कमी भिजवू का?" ती म्हणाली. मला हसू यायला हवं होतं, पण मी भांडं असं आपटलं की शेजारच्या मांजराने पलीकडच्या गच्चीवर उडी टाकली.

खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा, आणि आमचा म्हणजे माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा. ताप्तीकाठच्या आमच्या गावात, लालबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी तो चार वर्षं खपून बनवला. त्याआधी मी एका क्लासमध्ये मुलींना कॉम्प्युटर शिकवायचे आणि भाऊ इंदूरला एका कंपनीत होता. एकाच उन्हाळ्यात दोघांनी नोकऱ्या सोडल्या तेव्हा नातेवाईक आईला भेटायला आले ते असे, जणू घरात काहीतरी विपरीत घडलंय. "पोरं घरात बसून व्हिडिओ गेम खेळून राहिले" एवढीच बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बनवणं आणि खेळणं यातला फरक समजावायचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला.

अशा खेळांना ओपन वर्ल्ड म्हणतात. एक मोठा मुलूख असतो आणि खेळणाऱ्याने वाटेल तिकडे भटकायचं असतं. भटकायला कुणी घोडा देतं, कुणी गाडी, कुणी हवेत तरंगणारा होव्हरबोर्ड. आमचा होव्हरबोर्ड म्हणजे पाट. जेवायला बसायचा, पितळी फुल्या ठोकलेला, चांगला जाड लाकडी पाट. खेळाचं नावही पाटच ठेवलं. आमची नायिका गावोगाव निरोप पोचवणारी मुलगी आहे. ती चपला काढून पिशवीत टाकते, पाटावर उभी राहते, पाट जमिनीपासून हातभर वर उचलला जातो आणि केळीच्या बागांवरून, ताप्तीच्या पात्रावरून, मागांच्या गल्ल्यांमधून निघतो तो पार किल्ल्याच्या चढापर्यंत. तरंगण्याचा आवाज आम्ही मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा घेतला होता, खूप संथ करून. तेवढा आवाज मात्र सगळ्यांना आवडला. चार वर्षं ज्या खटखटीला मी शिव्या घातल्या, तिचंच कौतुक आधी झालं.

परीक्षण लिहिणारा माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. त्या दिवशी काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. त्याला केळीच्या पानांमधलं ऊन आवडलं होतं. दोनच माणसांनी एवढा मुलूख उभा केला याचं त्याला अप्रूप होतं. नायिका प्रत्येक वेळी थांबून चपला काढते हे त्याला पहिल्यांदा गोड वाटलं आणि विसाव्यांदा वैताग आला. आता चपला घालून पाटावर कोण उभं राहतं, हे त्याला कोण सांगणार? पण हे सगळं झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. म्हणे, जग सुंदर आहे पण रिकामं आहे. गावातली घरं सगळी सारखी, दारं सगळी बंद. हातात निरोप आहे, पण माणूस कुठल्या घरात आहे ते कळायला मार्ग नाही. दारोदार थापा मारत फिरायचं आणि कुणी भेटत नाही. एका वसाहतीतून नुसतं वेगाने गेलं तरी काम फसतं, आणि का फसलं ते खेळ सांगत नाही. थोडक्यात, दुरून डोंगर साजरे.

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. हिंदीत व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाने आमचा खेळ लावला, नायिकेला चौकात गोल गोल फिरवलं आणि वैतागून कपाळाला हात लावत ओरडला, "अरे बहन, जाना कहाँ है?" ते वाक्य सगळीकडे पसरलं. खेळाच्या पानावर लोक परीक्षण म्हणून एवढंच लिहून जायला लागले. आठवड्याभरात आमच्या गल्लीतली पोरंही मी भाजी आणायला निघाले की मागून विचारायला लागली, "दीदी, जाना कहाँ है?" भाऊ हसायचा. राग माझ्या नाकावर बसलेला होताच, तो आणखी चढायचा.

मी त्या पहिल्या परीक्षकाला उत्तर लिहायला बसले. चांगलं दोन पानी. त्याला डोळे आहेत की बटणं, इथपर्यंत आले होते, एवढ्यात इंटरनेट गेलं. वळून बघते तर भाऊ वायफायची वायर हातात घेऊन उभा.

"ताई, परीक्षकाशी भांडायचं नसते. पूरी दुनिया स्क्रीनशॉट काढून ठेवते."

"अरे पण त्याने बघितलंच नाही! सगळं दारात मांडून ठेवलंय!"

"हां, पण त्याले दिसलं नाही ना. बात खतम."

दारात काय मांडून ठेवलं होतं, ते सांगते. माझं लहानपण नेपानगरच्या पेपर मिलच्या कॉलनीत गेलं. बाबा जळगावकडून तिथे नोकरीला आले होते. कॉलनीतली क्वार्टर एका साच्यातून काढलेली. रंग तोच, खिडकी तीच, तुळसही त्याच कोपऱ्यात. आम्ही पोरं दारातल्या चपलांवरून घरं ओळखायचो. मैत्रिणीच्या दारात तिच्या निळ्या स्लिपर नसल्या की हाक मारण्यात अर्थ नाही. अनोळखी, पॉलिश केलेले बूट दिसले की पाहुणे आलेत; म्हणजे सहज आल्यासारखं करून आत डोकावलं तर पोहे मिळतात. आणि भर दुपारी दारात मिलचे जाड बूट असले की त्या घरचा माणूस रात्रपाळी करून झोपलाय. तिथून पळायचं नाही, चेंडू आपटायचा नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एकदोनदा पाठीत धपाटा बसला होता, तेवढंच.

खेळात मी तेच घातलं. नकाशा नाही, खुणा नाहीत. दारातल्या चपला बघा, आत कोण आहे ते कळेल. मिलचे बूट दिसले तर पाट हळू हाका, नाहीतर झोपलेला माणूस उठेल आणि काम फसेल. माझ्या मते याहून सोपं जगात काही नव्हतं.

आम्ही खेळ कुणाला न दाखवता बाजारात सोडला असंही नाही. कितीतरी जणांकडून खेळवून घेतला होता: लालबागेतली गल्लीची पोरं, राजपुऱ्यातल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, भावाचे दोस्त. त्यांनी ढीगभर चुका काढल्या. पाट भिंतीत अडकतो, बकरी हवेत उभी राहते, पुलाखाली पाणीच नाही. पण कुठल्या दारात जायचं, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून आम्हाला वाटलं की हे जगाला कळतं. जिथे माणसं बूट घालून थेट स्वयंपाकघरात जातात, तिथेही आपला खेळ उघडला जाणार आहे, हे चार वर्षांत दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि मी मात्र परीक्षकाला आंधळा म्हणत होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

हे मान्य करायला मला आठवडा लागला, आणि तोवर फोन आला. खेळ कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, आणायला बाहेरची एक कंपनी तयार होती, बोलणं जवळपास ठरलं होतं. परीक्षणं वाचून त्यांचा सूर बदलला. त्यांचं म्हणणं गोड शब्दांत पण स्पष्ट होतं: महिनाअखेरपर्यंत खेळात वाट दाखवणारा बाण घाला, नाहीतर आम्ही यातून बाहेर. कॉम्प्युटरवर खेळाची गत काय झाली होती ते दिसतच होतं. कन्सोलवर गेला तर त्याला दुसरा जन्म मिळणार, नाही गेला तर तो विसरला जाणार. भाऊ परत इंदूरला आणि मी परत क्लासमध्ये, पोरींना फोल्डर कसा उघडायचा ते शिकवत.

भावाने एका दुपारीत बाण बनवला. पिवळाधमक. ज्या घरात निरोप द्यायचा त्याच्या छपरावर तो वरखाली नाचायचा.

"बघ, सिंपल आहे ताई. लोकांना काय पाहिजे? रास्ता पाहिजे."

"दार बघायला नको त्यांना?"

"दार बघून नाही राहिले ना यार ते! बाण बघतील."

मी खेळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, सोपं झालं होतं. भराभर निरोप पोचत होते. पण खाली उतरले तेव्हा लक्षात आलं की मी स्वतःच्या हाताने बनवलेल्या गावातून येऊन गेले आणि गावात काय होतं ते मला सांगता येणार नाही. विहिरीवर कोण होतं? कुणाच्या दारात मांडव पडला होता? माझी नजर सगळा वेळ त्या पिवळ्या नाचऱ्यावर होती. बाण असला की बाकीचं गाव उगाचच रंगवलं, असं होतं.

"हा बाण मी लावू देणार नाही," मी म्हटलं.

"ताई, ऐकावे जनाचे..."

"...करावे मनाचे."

"जनाचं ऐकलंस कुठे तू अजून? तू तर फक्त मनाचं करून राहिली."

हे मात्र लागलं, कारण खरं होतं. मी सौदा केला. महिनाअखेरपर्यंत मला दे. बाणाशिवाय लोकांना दार बघायला लावायचा रस्ता मी काढते. नाही निघाला, तर तुझा बाण मीच माझ्या हाताने लावीन, प्रत्येक छपरावर, आणि तोंडातून शब्द काढणार नाही. शेवटच्या कलमावर भावाचा विश्वास बसला नाही, पण तो हो म्हणाला.

मी हट्टी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणते, ही पाळण्यातही कूस बदलायला तयार नव्हती. मी कंबर कसली. खेळून बघायला बेंगलोरच्या मामेभावाला धरलं. तो लहानपणापासून उंच इमारतीत वाढलेला, चपला दाराच्या आत कपाटात ठेवणाऱ्यांपैकी. तो तिकडे खेळायचा आणि मी त्याचा पडदा इकडे बघायचे. आधी मी सुरुवातीला सूचना लिहिली, चपलांकडे लक्ष द्या. त्याने ती वाचायच्या आत बटण दाबून पुढे घालवली. मग मी चपला मोठ्या केल्या. त्या होड्यांसारख्या दिसायला लागल्या. मग त्या चमकवल्या. भाऊ म्हणाला, "दिवाळीची लाइटिंग चांगली आहे." मामेभाऊ प्रत्येक वेळी त्याच चपलांवरून थाटात पाट उडवत गेला आणि चौकात जाऊन म्हणाला, "आता कुठे?" मी त्याला विचारलं, अरे, दारात काहीच दिसत नाही का तुला? तो म्हणाला, "दिसतात ना चपला. पण त्या सजावट वाटतात मला. कुंडी असते तशा." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मला तीन वेळा लाइव्ह बघायला मिळाला.

महिना सरत आला होता. भावाने बाणाला हळूच सावलीसुद्धा पाडून ठेवली होती, हे मला दिसलं.

आईने तोपर्यंत खेळाला हात लावला नव्हता. एका दुपारी जेवणं झाल्यावर ती चष्मा पुसत पुढच्या खोलीत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "मले दाखव बरं, पाच मार्क कायले कापले ते." भावाने तिच्या हातात कंट्रोलर दिला. तिने पाट सुरू केला आणि थेट केळीच्या बागेत घातला.

"अवं माय, हे कोनाचे केळं तुडवून राहिली मी?"

"कुणाचे नाहीत आई, खेळ आहे."

"तरी बी कोनी तरी लावले असतीन ना."

बागेतून कशीबशी बाहेर पडून ती पहिल्या गावात पोचली. आम्ही दोघं मागे उभे. तिने पाट थांबवला, मान पुढे काढली आणि दारं न्याहाळायला लागली. "हितं कोनी नाही. हितं पाहुने आले. हां, ह्या घरात बाई नी लेकरू हाये." तिने थाप मारली, दार उघडलं, निरोप पोचला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे अजिबात बघितलं नाही. मग कॉलनी आली. दारातले मिलचे बूट दिसताच आईने बटणावरचं बोट उचललं, जणू बटणाचाही आवाज होईल. "झोपला असंन बिचारा," ती पुटपुटली. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या परीक्षकाला फोन लावून तिच्या हातात द्यावा, असं झालं.

आणि खेळातल्या सकाळची संध्याकाळ होईपर्यंत कॉलनीत दोन फेऱ्या मारून ती टोकाच्या घराशी थांबली.

ते घर मी ठेवलं होतं. ते कुठल्याही कामात येत नाही, तिथला निरोप कधी मिळत नाही. दारात पुरुषाच्या चामडी चपलांचा जोड, आणि आत कोणी नाही. कितीही थापा मारा, दार उघडत नाही. खेळणाऱ्यांनी चूक म्हणून सगळ्यात जास्त तक्रारी याच घराच्या केल्या होत्या. भाऊ ते काढून टाकायला टपला होता आणि मी काढू देत नव्हते. का, ते मी त्याला सांगितलं नव्हतं, पण त्याला कळत असणार. बाबा गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. आई लालबागेत राहायला आली, आम्ही दोघं शिकायला बाहेर होतो. तेव्हापासून इथल्या घराच्या दारात बाबांच्या चपला आहेत. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी येताजाता त्यांच्या बाजूने पाय टाकायचे आणि वर बघायचे.

आईने ते घर ओळखलं. "हे आपलं दिसते."

"हो."

"ह्या बाबाच्या चपला?"

"हो, आई."

तिने पाट दाराच्या आणखी जवळ नेला. मग म्हणाली, "चुकलं हाये."

"काय चुकलं?"

"ह्या हलत नाही. मंगाशी मी हितून गेली तवा सकाळ होती, आता संध्याकाळ झाली, तरी तिथंच. साऱ्या गावाच्या चपला अशाच, खिळे ठोकल्यासारख्या. चोर एका दिवसात ओळखंन, आत मानूस नाही म्हनून."

"चोर?"

"मंग मी कोनासाठी ठेवल्या?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एकटी बाई राहते म्हटल्यावर दारावर कोनी बी येते. मीटरवाला येते, वस्तू विकनारे येते. चपला दिसल्या का आवाज खाली करून बोलते. पन रोज हलवा लागते ना. एक दिवस सरळ, एक दिवस एक उलटी, घाईत काढल्यासारखी. धूळ बसू द्यायची नाही."

भाऊ म्हणाला, "आई, बाबांच्या चपला तू रोज..."

"बाबाच्या कुठं? त्या तर कवाच झिजल्या. हा तिसरा जोड हाये. राजपुऱ्यातून आनते, आठ नंबर. दुकानदाराले म्हनते, मालकाले पाह्यजे."

मला एकदम हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. मी खोलीतून निघून दारात गेले. चपला होत्या. डावी सरळ, उजवी थोडी तिरकी, टाच उंबऱ्याकडे. पट्टे कोरे करकरीत, तळव्याला एका पावलाचाही ठसा नाही. माणसं दारातल्या चपला बघत नाहीत म्हणून मी महिनाभर जगावर चिडले होते, आणि माझ्या स्वतःच्या दारातल्या चपला नव्या आहेत हे मला दिसलं नव्हतं. मला खूप रडू आलं. भाऊ मागे येऊन उभा राहिला. त्याने चपलेला बोट लावून बघितलं आणि नाक ओढलं.

आत आई ओरडली, "अरे, हा पाट थांबवायचा कसा? केळात चालला पुन्हा!"

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं कामाला लागलो ते महिनाअखेरपर्यंत उठलो नाही म्हटलं तरी चालेल. आईने बरोबर दुखणं पकडलं होतं. जे हलत नाही ते माणसाला सजावट वाटतं. मग आम्ही चपला हलवल्या. सकाळी बाया चपला घालून पाण्याला जातात, त्यांची जागा रिकामी राहते. पोरं शाळेतून येतात आणि चपला भिरकावतात. एक पायरीवर, एक तुळशीपाशी. रात्रपाळीचे बूट सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. मांडव पडलेल्या घरापुढे जोडांची रांग वाढत वाढत रस्त्यावर येते. चप्पल उलटी कशी पडते, याचा कोड भावाने दोन दिवस लिहिला. दोन दिवस तो घरभर स्वतःची चप्पल उडवून बघत होता आणि आई त्याला, घरात भांडनं होतीन रे, म्हणून ओरडत होती. पिवळ्या बाणाचं नाव त्याने काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

मामेभावाला पुन्हा बसवलं. तो गावात शिरला, नेहमीसारखा चौकात आला, वळला आणि थबकला. "इथे मघाशी चार जोड होते ना? तीनच कसे?" तो पाट मागे घेऊन दाराशी गेला. मी इकडे दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर त्याला ऐकू गेलं असतं.

खेळ आम्ही कंपनीला पाठवला. सोबत मी सरळ लिहिलं की बाण लावलेला नाही आणि लावणार नाही. आधी खेळून बघा, मग बोला. भावाने 'आणि लावणार नाही' खोडलं. मी ते पुन्हा लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा आम्ही दोघं एकाच खुर्चीला रेलून वाचत होतो. त्यांच्याकडच्या एका बाईने खेळ शेवटपर्यंत खेळला होता. बाणाची गरज नाही, असं तिचं मत होतं आणि कंपनीने ते मानलं होतं. भावाने मला उचललंच. मी म्हटलं, थांब, खाली अजून आहे. खाली एकच अट होती. कॉलनीच्या टोकाला एक सदोष घर आहे. तिथल्या चपला रोज जागा बदलतात, पण आत कोणीच नाही. एकतर चपला काढा, नाहीतर घर काढा. तेवढं झालं की सह्या करू.

"नाही," मी म्हटलं.

"ताई, एका घरासाठी?"

"हो, एका घरासाठी. ते घर रिकामंच आहे. ते तसंच राहील."

"अरे यार, बाण गेला, सगळं तुझ्या मनासारखं झालं. आता एका दारासाठी सगळं बुडवशील?"

जेवणाच्या ताटावर तेच चाललं. मी म्हणत होते, ज्याला कळायचं त्याला कळेल; तो म्हणत होता, चार वर्षं हेच म्हटलं आणि कुणालाच कळलं नाही. आई भाकरी वाढत होती. तिने विचारलं, "आता काय झालं?"

भाऊ म्हणाला, "काही नाही. त्या शेवटच्या घरातल्या चपला रोज हलतात नी आत कोनीच नाही, म्हणून ते लोक नाराज आहेत."

"आत कोनीच नाही?" आईने भाकरी हातातच धरली. "मंग चपला हलवते कोन?"

ती आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली, खरंच उत्तराची वाट बघत. बाबा नाहीत, हे मी त्या घरातून चार वर्षं सगळ्या जगाला सांगत होते, आणि इतकी वर्षं त्याच दाराआड राहणारी बाई मी घालायचीच विसरले होते. जग सुंदर आहे पण रिकामं आहे, असं त्या पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं. या घरापुरते मी त्याला दहातले दहा देते.

त्या दाराआड एक बाई घालायची आणि आवाज आईचाच घ्यायचा, असं ठरलं. पॉवरलूम दुपारच्या जेवणाला थांबतात तेवढ्या वेळात खिडक्या लावून आम्ही तिला माइकसमोर बसवलं. तिने एका दमात दिला आणि मग मलाच बजावलं, "पह्यल्या थापेला दार उघडू नको बरं. एकटी बाई हाये ती."

घरात माणूस आल्यावर कंपनीची हरकत उरली नाही, आणि खेळ कन्सोलवर आला. पहिल्या परीक्षकाचे दहातले पाच अजून तसेच आहेत. त्याने काही पुन्हा खेळून बघितलं नाही. नव्यांनी बरं लिहिलं, काहींनी खूपच बरं. एकाने मात्र तक्रार केली आहे की कॉलनीच्या टोकाचं दार फार वेळ घेतं, थाप मारली की आतून नुसतं "कोन हाये?" ऐकू येतं आणि दार बंदच राहतं. भावाने विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, काही नाही, ते तसंच राहू दे. आपण कोण ते नीट सांगितलं की ती दार उघडते.